कादंबरीकाराचे ‘छंद’ चौकटीबाहेर यावेत

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत कादंबरीकारांचा परिचय करून देणारे लेख येतात. मी ते अनेक वर्षे नियमाने वाचत आले आहे आणि त्यांतील कितीतरी कापून जपूनही ठेवले आहेत. पुस्तकांची नावे, लेखनाचा काळ, पुरस्कार, समीक्षकांची मते ही सारी माहिती त्यांत काळजीपूर्वक दिलेली असते आणि त्याबद्दल मी आपली ऋणी आहे. तरीही या लेखांच्या मांडणीतील एक गोष्ट मला सतत खटकत आली आहे. लेखकाचे घराणे पहिल्या परिच्छेदातील दोन वाक्यांत आटोपते. तो फिरायला जातो का, काही वाजवतो का, पक्षी किंवा झाडे पाहण्यात रमतो का, हे मात्र लेखाच्या शेवटी ‘छंद’ अशा शीर्षकाच्या लहानशा चौकटीत जाते. या दोन टोकांच्या मधला सर्व भाग ‘साहित्य’ म्हणून मांडला जातो. ही विभागणी जागेच्या सोयीसाठी होत असेल हे मी समजू शकते, पण तिच्यामुळे वाचकाच्या मनात कादंबरीविषयी एक चुकीची समजूत रुजते, असे मला प्रामाणिकपणे वाटते आणि म्हणून हे पत्र लिहीत आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. कादंबरीकाराला घराण्याकडून जे मिळते, ते बहुतेक वेळा रोजच्या साध्या सुखांच्या वाटेनेच मिळते: कोणाचे तरी बोट धरून केलेली फेरी, रात्री ऐकलेली गोष्ट, एकत्र बसून केलेले वाचन. पुढे लेखनाचे लांबलचक काम तो निभावतो तेही अशाच सुखांच्या आधाराने. पहिल्या परिच्छेदातील ‘घराणे’ आणि शेवटच्या चौकटीतील ‘छंद’ ही एकाच दोरीची दोन टोके असतात, आणि मधल्या ‘साहित्या’तून ती दोरी गेलेली असते.

मी आयुष्याची बरीच वर्षे ग्रंथपाल म्हणून काढली. कादंबरी परत करायला आलेला वाचक टेबलापाशी रेंगाळून जो प्रश्न विचारी, तो शैलीविषयी किंवा तंत्राविषयी क्वचितच असे. ‘हे त्यांच्या घरात खरेच घडले होते का?’ हाच तो प्रश्न असे. सुरुवातीला मला तो प्रश्न भाबडा वाटत असे आणि कादंबरी ही कल्पित असते, असे सरधोपट उत्तर मी देत असे. हळूहळू चरित्रे, पत्रसंग्रह आणि आठवणी वाचत गेले, तेव्हा लक्षात आले की वाचकाचा प्रश्न योग्य होता आणि माझे उत्तर अपुरे होते. घरात जे घडले ते कादंबरीत जसेच्या तसे येत नाही हे खरे. पण कोणत्या वाटेने येते, हे विचारण्याचा वाचकाला पूर्ण अधिकार आहे.

इंग्रजी कादंबरीकार व्हर्जिनिया वुल्फ यांचे उदाहरण मला या बाबतीत सर्वांत बोलके वाटते. त्यांचे वडील लेस्ली स्टीफन हे विद्वान संपादक होते आणि गिर्यारोहकही होते. आल्प्समधील श्रेकहॉर्न या शिखरावर १८६१ मध्ये पहिली यशस्वी चढाई करणाऱ्यांत ते होते. पुढे १८७९ मध्ये त्यांनी रविवारी लांब पल्ल्याची पायपीट करणाऱ्या स्नेह्यांचे एक मंडळच सुरू केले. मुलांना केंब्रिजला पाठवणाऱ्या या पित्याने मुलीला तेथे पाठवले नाही, आणि हा अन्याय व्हर्जिनिया कधी विसरल्या नाहीत. पण आपल्या ग्रंथसंग्रहात हवे ते वाचण्याची मुभा मात्र त्याने तिला दिली. आई १८९५ मध्ये गेली, तेव्हा व्हर्जिनिया तेरा वर्षांच्या होत्या. त्यापूर्वीचे बालपणाचे सगळे उन्हाळे या कुटुंबाने समुद्रकाठच्या एका घरात काढले होते. आता हा सारा वारसा कादंबरीत कसा उतरला ते पाहावे. आपल्या आठवणींत त्या सांगतात की, ‘टू द लाइटहाऊस’ ही कादंबरी त्यांना एके दिवशी लंडनमधील एका चौकाभोवती चालत असताना सुचली, आणि ती इतक्या वेगाने सुचत गेली की जणू त्यांच्या इच्छेविना ती आपोआप घडत होती. १९२७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीत ते समुद्रकाठचे घर आहे, ती आई आहे आणि ते हट्टी, विद्वान, प्रेमासाठी आसुसलेले वडीलही आहेत. चालण्याचे सुख ज्या पित्याच्या घरात मुरलेले होते, त्याच पित्याचे चित्र मुलीला चालता चालता सापडले. पुस्तक लिहून झाल्यावर आईच्या आठवणीने मनाला घातलेला विळखा सुटला, असेही त्यांनी लिहून ठेवले आहे. एखाद्या परिचयलेखात हीच गोष्ट ‘छंद: फिरणे’ अशा दोन शब्दांत आली, तर वाचकाच्या हाती काय लागले?

त्याच वुल्फ यांनी नोव्हेंबर १९२८ मध्ये वडिलांच्या जन्मदिनी रोजनिशीत नोंद केली आहे की ते आज हयात असते तर शहाण्णव वर्षांचे झाले असते, आणि तसे झाले असते तर आपले आयुष्य संपूनच गेले असते. लेखन नाही, पुस्तके नाहीत. ही नोंद वाचून मी प्रथम हादरले होते. वारसा म्हणजे केवळ आशीर्वाद, अशी जी गोड समजूत आपण स्मरणलेखांत जोपासतो, तिला ही नोंद छेद देते. वडिलांचे ग्रंथ, वडिलांची पायपीट आणि वडिलांचे जड ओझे हे तिन्ही एकाच घरातून आले, आणि त्यांतील पहिल्या दोहोंच्या बळावर तिसरे उतरवून ठेवता आले, असे मी त्याचे वाचन करते.

रशियात जन्मलेल्या व्लादिमिर नाबोकोव्ह यांच्या आयुष्यात तर वारसा आणि सुख यांत फरकच करता येत नाही. फुलपाखरांचा नाद त्यांना सातव्या वर्षी लागला, आणि तो त्यांच्या वडिलांचाही नाद होता. वडील राजकारणात होते; १९०८ मध्ये त्यांना तीन महिन्यांचा कारावास झाला. तुरुंगातून त्यांनी पत्नीला लपवून पाठवलेल्या चिठ्ठ्यांत मुलासाठी निरोप असे, तो तुरुंगाच्या अंगणात कोणती फुलपाखरे दिसतात याचा. १९२२ मध्ये बर्लिनमध्ये एका सभेत गोळीबार होऊन वडील मारले गेले. घर, देश आणि पुढे लेखनाची भाषासुद्धा मागे टाकून नाबोकोव्ह अमेरिकेत आले, तेव्हा त्यांच्याजवळ त्या घरातील जे उरले होते, त्यात हे निरीक्षणाचे सुख होते. १९४० च्या दशकात ते हार्वर्ड विद्यापीठाच्या तुलनात्मक प्राणिशास्त्राच्या वस्तुसंग्रहालयात फुलपाखरांवर सूक्ष्मदर्शकाखाली काम करत होते. निळ्या फुलपाखरांच्या एका गटाच्या स्थलांतराविषयी त्यांनी १९४५ मध्ये मांडलेले अनुमान २०११ मध्ये जनुकीय अभ्यासातून खरे ठरले. उन्हाळ्यात फुलपाखरांच्या शोधात ते पत्नीसमवेत अमेरिकेच्या पश्चिम भागात मोटारीने हिंडत, आणि याच प्रवासांत त्यांनी ‘लोलिता’ या आपल्या सर्वांत गाजलेल्या कादंबरीची टिपणे लहान कार्डांवर लिहिली. आईने त्यांना लहानपणी एखादे दृश्य दाखवून ‘हे लक्षात ठेव’ असे सांगण्याची सवय ठेवली होती, हेही त्यांनी आवर्जून नोंदवले आहे. वडिलांनी पाहायला शिकवले आणि आईने लक्षात ठेवायला. कादंबरीकाराला लागणारी बहुतेक सामग्री या दोन गोष्टींत येते.

अर्थात प्रत्येक घराने असे दोन्ही हातांनी दिलेले नसते. टॉलस्टॉय यांची आई ते दोन वर्षांचे होण्याआधीच गेली आणि वडील १८३७ मध्ये गेले. तरीही ‘युद्ध आणि शांती’मधील घराण्यांत त्यांच्या आईवडिलांच्या आणि आजोबांच्या छटा उतरल्या, कारण त्या घरात वावरणारी माणसे त्यांच्याविषयी बोलत राहिली. त्यांना वाढवणाऱ्या एका दूरच्या आत्याविषयी टॉलस्टॉय यांनी म्हातारपणी लिहिले आहे की तिने आपल्याला दोन गोष्टी शिकवल्या: प्रेम करण्यातले सुख, आणि सावकाश, एकांतातल्या जीवनातली गोडी. ही दोन वाक्ये वाचून मी पुस्तक मिटून बराच वेळ बसले होते. सहा वर्षे एका कादंबरीपाशी बसून राहण्याची शक्ती माणसात कोठून येते, याचे उत्तर मला त्यांत दिसले. थोरल्या भावाने लहानपणी एक खेळ रचला होता: सर्व माणसांना सुखी करण्याचे रहस्य एका हिरव्या काठीवर लिहिले आहे आणि ती काठी घराजवळच्या रानात पुरली आहे. १९१० मध्ये टॉलस्टॉय यांचे दफन त्यांच्याच इच्छेनुसार त्या जागी झाले. भावाभावांचा एक खेळ ब्याऐंशी वर्षांच्या आयुष्याला पुरला.

जेन ऑस्टिन यांच्याविषयी थोडेच लिहिते, कारण तेथे सगळे स्वच्छ आहे. कादंबरी वाचणे हे त्या काळी हलके मानले जात असताना, आमचे घर कादंबऱ्या भरपूर वाचणारे आहे आणि त्याची आम्हाला लाज वाटत नाही, असे त्यांनी १७९८ मधील एका पत्रात ठामपणे लिहिले. वडिलांनी मुलीच्या एका हस्तलिखितासाठी १७९७ मध्ये स्वतः प्रकाशकाला पत्र धाडले. प्रकाशकाने पाहण्यासही नकार दिला, पण मुलगी लिहीत राहिली. पुढे रोज सकाळी सर्वांच्या आधी उठून पियानोवर बसण्याचा त्यांचा नेम त्यांच्या भाचीने नोंदवून ठेवला आहे. मोठ्याने वाचले जाणारे गद्य ज्या घरात रोज कानावर पडते, त्या घरातील मुलीच्या वाक्यांना लय असावी यात नवल नाही.

कोलंबियाचे कादंबरीकार गाब्रिएल गार्सिया मार्केझ यांच्याबाबत आजीच्या गोष्टींचा उल्लेख सर्वत्र होतो, तो योग्यच आहे. पण त्या उल्लेखात मुख्य मुद्दा निसटतो असे मला वाटते. ते आठ-नऊ वर्षांचे होईपर्यंत आजीआजोबांकडे वाढले. आजी अद्भुत गोष्टी सांगत असे, हे तर अनेकांच्या आज्यांच्या बाबतीत खरे असते. मार्केझ यांनी वारंवार सांगितले ते वेगळेच आहे: ती अद्भुतातले अद्भुत अगदी निर्विकार चेहऱ्याने, रोजची बातमी सांगावी तशी सांगत असे, आणि ‘वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड’ या आपल्या महत्त्वाच्या कादंबरीसाठी हवा असलेला सूर तोच होता, हे त्यांना बऱ्याच वर्षांनी उमगले. म्हणजे तिच्याकडून मिळालेली मोठी ठेव कथानकांची नव्हती, आवाजाची होती. आजोबांनी त्यांना शब्दकोशाची ओळख करून दिली, युद्धाच्या आठवणी सांगितल्या आणि एके दिवशी बोट धरून बर्फ दाखवायला नेले. १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कादंबरीचे पहिलेच वाक्य बर्फ पाहायला नेल्याच्या आठवणीपाशी येऊन थांबते. एका म्हाताऱ्या माणसाने नातवाला दिलेले एका दुपारचे सुख तीस वर्षे मनात राहिले. आजोबांचे निधन १९३७ मध्ये झाले. त्यानंतर आपल्या आयुष्यात फारसे महत्त्वाचे काही घडलेच नाही, अशा अर्थाचे उद्गार मार्केझ काढत असत.

येथे एक आक्षेप येईल आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. ज्यांचे बालपण दुःखात गेले, त्यांचे काय? चार्ल्स डिकन्स बारा वर्षांचे असताना, १८२४ मध्ये, त्यांचे वडील कर्ज फेडता न आल्याने तुरुंगात गेले आणि डिकन्स यांना बुटांच्या पॉलिशच्या कारखान्यात बरण्यांवर चिठ्ठ्या चिकटवण्याचे काम करावे लागले. ही गोष्ट त्यांनी आपल्या मुलांनाही कधी सांगितली नाही. १८७० मध्ये ते गेल्यानंतर मित्राने लिहिलेल्या चरित्रातून ती जगाला कळली. हा वारसा म्हणजे उघडी जखम होती. तरीसुद्धा त्याच उधळ्या, बोलघेवड्या, लोभस वडिलांचा एक लहानसा पुस्तकसंग्रह घराच्या वरच्या खोलीत होता आणि मूल तेथे तासन्‌तास वाचत बसत असे. याच वडिलांबरोबर फिरताना एका टेकडीवरचे घर त्या मुलाला फार आवडले, आणि खूप कष्ट केलेस तर कधीतरी येथे राहशील, असे वडील म्हणाले. १८५६ मध्ये डिकन्स यांनी तेच घर विकत घेतले आणि त्याच घरात त्यांचा अंत झाला. रात्री-अपरात्री मैलोगणती चालण्याची सवय त्यांना आयुष्यभर होती, आणि त्या पायपिटीत पाहिलेले शहर त्यांच्या पानोपानी आहे. ‘डेव्हिड कॉपरफील्ड’मधील मिकॉबर हे पात्र वडिलांवरून घेतलेले आहे, आणि ते वाचताना आपल्याला राग येण्याऐवजी माया वाटते. ज्या माणसाने दुःख दिले त्यानेच सुखही दिले होते, म्हणून ती माया शक्य झाली, असे माझे मत आहे. दुःखाने कादंबरीला विषय पुरवला असेल, पण पात्राला जिवंत करायला घरातल्या सुखाची आठवण लागली.

दुसरा आक्षेप असा की कादंबरीकाराने घराचा असा उपयोग करावा का? घराने त्याला दिले, पण घराला काय मिळाले? जर्मन कादंबरीकार टॉमस मान यांनी १८९७ ते १९०० या काळात ‘बुडेनब्रुक्स’ लिहिली, तेव्हा त्यांनी नातेवाइकांना पत्रे पाठवून घराण्याचे तपशील, धान्यव्यापाराच्या खाणाखुणा, जुन्या हकिगती मागवल्या. बहिणीने एका आत्याच्या आयुष्याविषयी सविस्तर लिहून पाठवले. वडिलांच्या मृत्युपत्राप्रमाणे घराण्याची पेढी आधीच बंद झालेली होती. व्यापारी वडिलांची शिस्त आणि पियानो वाजवणाऱ्या, गाणाऱ्या आईचे संगीत ही दोन्ही त्या कादंबरीत समोरासमोर येतात, आणि मान स्वतः आयुष्यभर रोज सकाळी ठरावीक तास कोणालाही आत येऊ न देता लिहीत राहिले, जणू वडिलांच्या पेढीवरच बसले आहेत. पण १९१३ मध्ये त्यांच्या काकांनी गावच्या वर्तमानपत्रात जाहिरात देऊन, पुतण्याने स्वतःचेच घरटे घाण केले, अशी तक्रार केली. त्या काकांचे दुःख मला खोटे वाटत नाही. ज्याचे चित्र रंगवले गेले, त्याला उत्तर देण्यासाठी वर्तमानपत्राचाच आधार घ्यावा लागला. १९२९ चे नोबेल पारितोषिक मुख्यतः याच कादंबरीसाठी मिळाले, तरी काकांच्या तक्रारीचे उत्तर पारितोषिकाने दिले असे मी म्हणणार नाही. एवढेच म्हणेन की मान यांनी विचारले, लिहून घेतले, जपले. म्हणून त्या घराण्यातील कितीतरी माणसांचे बोलणे-चालणे आज शिल्लक आहे. आपल्या घरातील वृद्धांना आपण किती जण असे बसवून विचारतो?

घराण्यापासून दूर जाऊन स्वतःची सुखे स्वतः निवडणारे लेखकही असतात, आणि त्यांना वगळणे योग्य होणार नाही. हारुकी मुराकामी यांचे आईवडील दोघेही जपानी साहित्याचे शिक्षक. मुलगा मात्र परदेशी कादंबऱ्या आणि जॅझ संगीत यांच्याकडे वळला. लेखक होण्यापूर्वी त्याने जॅझ ऐकवणारे उपाहारगृह चालवले, ते विकून पूर्ण वेळ लेखन पत्करले, आणि बैठ्या कामाने शरीर बिघडू नये म्हणून १९८२ मध्ये धावायला सुरुवात केली. पहाटे उठणे, काही तास लिहिणे, मग धावणे किंवा पोहणे, असा त्यांचा दिनक्रम त्यांनीच लिहून ठेवला आहे. वरवर पाहता यात वारसा कोठेच नाही. पण २००९ मध्ये जेरुसलेम येथील भाषणात त्यांनी वडिलांची एक आठवण सांगितली: युद्धावरून परत आलेले वडील रोज सकाळी न्याहारीपूर्वी देव्हाऱ्यापुढे बसून युद्धात मेलेल्या सर्वांसाठी, शत्रूंसाठीही, प्रार्थना करीत. दहा वर्षांनी, २०१९ मध्ये, त्यांनी वडिलांवर एक दीर्घ लेख लिहिला. रोज पहाटे एकट्याने, न चुकता, एकाच गोष्टीपाशी बसण्याची ती रीत मुलाने पाहिली होती. मुलाची पहाट वडिलांच्या त्या पहाटेतूनच आली, असा दावा मी करणार नाही. मात्र साहित्याची वाट बदलता आली तरी सकाळी पाहिलेले वडील मनातून गेले नाहीत, एवढे त्या भाषणातून नक्की दिसते.

मराठीतील दोन नावे घेते. व्यंकटेश माडगूळकर हे कवी ग. दि. माडगूळकर यांचे धाकटे बंधू, एवढे प्रत्येक परिचयात असते. रानात हिंडणे, रेखाचित्रे काढणे आणि पशुपक्षी पाहणे ही त्यांची रोजची सुखे मात्र बहुधा शेवटी उरकली जातात. ‘सत्तांतर’ ही वानरांच्या टोळ्यांतील संघर्षाची कादंबरी ज्यांनी वाचली आहे, त्यांना हे सांगायला नको की ती केवळ पुस्तके वाचून लिहिलेली नाही. ती तासन्‌तास गप्प बसून पाहिलेली आहे, आणि चित्रकाराच्या डोळ्याने पाहिलेली आहे. तिला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ज्याला चौकटीत ‘छंद’ म्हटले गेले असते, तीच येथे कादंबरी झाली. गौरी देशपांडे यांच्याबाबत चूक उलट दिशेने होते. धोंडो केशव कर्वे हे आजोबा, इरावती कर्वे या आई, र. धों. कर्वे हे काका. हे घराणे इतके मोठे आहे की परिचयलेखाची निम्मी जागा तेच व्यापते, आणि नाती सांगून झाल्यावर वारशाविषयी सांगायचे काही उरले आहे, याचे भान राहत नाही. पण ‘अरेबियन नाइट्स’चे सोळा खंड मराठीत आणण्याचे काम कोणी केवळ घराण्याच्या नावासाठी करीत नाही. गोष्ट वाचण्याची आणि सांगण्याची अनावर आवड असल्याशिवाय ते पार पडत नाही. इतकी चिकाटी आणि इतका आनंद एका माणसात एकत्र कसा आला, हे त्यांना विचारले गेले असते तर त्या घराविषयी आपल्याला नातेसंबंधांच्या यादीपेक्षा कितीतरी अधिक कळले असते.

रोजच्या सुखाला मी एवढे महत्त्व का देते, याचे एक साधे कारण कादंबरीच्या कामाच्या स्वरूपात आहे. कविता एका बैठकीत उतरू शकते. कथा आठवड्यात पुरी होऊ शकते. कादंबरी वर्षे मागते. तिच्यात असे महिने येतात की लिहिलेले सगळे फिके वाटते, पात्रे हलत नाहीत आणि लेखक दुसऱ्या दिवशी पुन्हा तेथेच येऊन बसतो, कोणी बोलावलेले नसताना. प्रतिभेची झेप त्या महिन्यांत उपयोगी पडत नाही. संध्याकाळची फेरी, वाद्यावरची अर्धी घटका, बागेतले काम, घरातल्या माणसाशी झालेले दोन शब्द यांच्यावर तो दिवस निभावतो आणि उद्याचा दिवस सुरू होतो. हे सुख लेखनातून सुटी घेण्यासाठी असते, असे मुलाखतींत गृहीत धरलेले दिसते. वुल्फ यांची फेरी आणि नाबोकोव्ह यांची कार्डे पाहिली, तर त्याच वेळात खरे काम चाललेले होते, असे म्हणावे लागते.

म्हणून आपणास माझ्या तीन विनंत्या आहेत. पहिली अशी की कादंबरीकाराच्या निधनानंतरच्या लेखात केवळ ग्रंथसूची आणि पुरस्कार यांना जागा न देता, त्याच्या घरातील हयात माणसांकडून त्याचा एक साधा दिवस लिहून घ्यावा. ती माणसे फार काळ राहत नाहीत आणि त्यांच्याबरोबर हा तपशील कायमचा जातो. दुसरी अशी की कादंबरीकारांच्या घरातील पत्रे, रोजनिश्या, वह्या सांभाळण्याविषयी आपण वाचकांना आवाहन करावे. ग्रंथपाल असताना एका दिवंगत लेखकाच्या नातलगांनी रद्दीत घालण्यासाठी बांधलेले कागद मी ऐनवेळी पाहिले होते. त्यांत एका जाडजूड वहीत त्या लेखकाच्या आईने मुलाच्या लहानपणी सांगितलेल्या गोष्टींची नुसती शीर्षके, तारखांसह, लिहून ठेवली होती. संस्थेकडे जागा नाही म्हणून ते कागद आम्हाला ठेवून घेता आले नाहीत, आणि पुढे त्यांचे काय झाले हे मला कळले नाही. ती वही मला आजही आठवते. त्या शीर्षकांतील दोन त्या लेखकाच्या कादंबऱ्यांतील प्रकरणांशी जुळत होती.

तिसरी विनंती सर्वांत लहान आहे. आपल्या मुलाखतींत ‘आपले छंद कोणते?’ हा प्रश्न शेवटी येतो आणि त्याला एका ओळीचे उत्तर मिळते. तो पहिला घ्यावा, आणि उत्तर आल्यावर पुढच्या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी ‘हे तुम्हाला कोणी शिकवले?’ एवढे विचारून थोडे थांबावे.

आपली नम्र,
एक निवृत्त ग्रंथपाल